सरगरांचं कोल्हं

महादेव सरगर धनुष्यबाण घेऊन पाच हिवाळे एका कायोटीची वाट पाहत बसले. पहिल्या चार हिवाळ्यांत त्यांनी एकही बाण सोडला नाही. कुणी विचारलं तर ते "वारा नव्हता बरोबर" एवढंच सांगत.

व्हर्जिनियातल्या हर्नडनमध्ये आम्ही एकाच कॉम्प्लेक्समध्ये, समोरासमोरच्या इमारतींत राहत होतो. माझी बायको नीता नोकरीच्या व्हिसावर आली होती आणि मी तिच्या मागोमाग. मला काम करायची परवानगी नव्हती. त्याआधी पुण्यात एका दैनिकात नऊ वर्षं उपसंपादक होतो. इथे मराठी मंडळाचं त्रैमासिक काढणं आणि लांबच्या ड्राइव्हला ज्यांना सोबत हवी असेल त्यांच्या शेजारी बसणं, ही माझी दोन कामं होती. सरगरांना सोबत नको असायची, पण मी विचारलं तर त्यांना नाहीही म्हणता येत नसे. त्यामुळे पुढचं बरंचसं मी पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही, ते कुणी सांगितलं तेही लिहिलं आहे.

सरगर बेताच्या उंचीचे, रुंद खांद्यांचे. चालताना पाय उचलून टाकायची सवय होती, गालिच्यावरसुद्धा, जणू पुढचं पाऊल दगडावर पडणार आहे. मूळ माण तालुक्यातले, घर मेंढपाळांचं. शाळेत हुशार निघाले, साताऱ्याच्या वसतिगृहात राहून शिकले, पुण्यात इंजिनियर झाले. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा चाळिशी ओलांडून गेली होती आणि एका कंपनीत ते डेटाबेसचं टेस्टिंग करत होते. बायको शालन, आमच्या शालनवहिनी. मूलबाळ नव्हतं आणि त्याबद्दल दोघं कधी बोलत नसत.

गाडीतून उतरले की सरगर आधी उभे राहत, तोंड किंचित वर करत आणि शेजारी जो असेल त्याला विचारत, "वारा कुणीकडचा?" ऑफिसातली पोरं म्हणत, "यार सरगर, बसायचं आत आहे. एसीत." ते हसत नसत, रागावत नसत, दिशा ठरली की आत जात. मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये बसायचा. एकदा आरती चालू असताना ते उदबत्तीच्या धुराकडे बघत उभे होते. आरती संपल्यावर मला म्हणाले, "मागचं दार उघडं राहिलंय." मी जाऊन पाहिलं. चार बोटं उघडं होतं.

सुरुवात 2002 च्या ऑक्टोबरात झाली. झाडांचे रंग बघायला मंडळाच्या चार गाड्या शेनंडोआ खोऱ्याकडे निघाल्या. जेवणाच्या जागी तीनच पोचल्या. दोन तास वाट पाहून मी आणि नीता उलटे फिरलो, तर एका कुरणाच्या कडेला सरगरांची गाडी उभी होती. वहिनी काच खाली करून चिवडा खात बसल्या होत्या.

"बोलवा हो भाऊजी त्यांना," त्या म्हणाल्या. "मी तीनदा बोलवलं. मेंढरं दिसली की माझं नाव विसरतात ते."

कुंपणाच्या आत सरगरांनी एक मेंढी बसकण मारल्यासारखी धरली होती आणि ते तिचे खूर तासत होते. शेजारी सत्तरी पार केलेला एक गोरा म्हातारा दोन्ही हात खिशात घालून बघत उभा होता. तो वॉल्टर. साठेक मेंढ्या, बायको वारलेली, मुलगी लांबच्या राज्यात. त्याने मला विचारलं, "हा माणूस हे कुठे शिकला?"

"घरी," सरगर मान वर न करता म्हणाले.

त्यानंतर ते दर दोन-तीन आठवड्यांनी वॉल्टरकडे जाऊ लागले. पण फुकट राबणारा माणूस वॉल्टरला चालेना. एके दिवशी त्याने सांगितलं, की तुला खरंच काही करायचं असेल तर माझ्याने होत नाही ते कर. त्या वसंतात कायोटींनी त्याची नऊ कोकरं नेली होती. बंदूक घरात होती, पण हात थरथरत होते आणि एका डोळ्यात मोतीबिंदू होता.

कायोटी म्हणजे कोल्ह्याहून मोठं आणि लांडग्याहून लहान जनावर. वॉल्टर त्याला 'कायोट' म्हणे; शेवटचा 'ई' शहरातली माणसं लावतात असं त्याचं मत होतं. वहिनी शेवटपर्यंत कोल्हंच म्हणाल्या.

बंदुकीचा प्रश्न सरगरांनी पहिल्याच आठवड्यात निकालात काढला. ग्रीन कार्डचा अर्ज अडकलेला होता. वकिलाला ईमेल केला, त्याने शक्यतो लांब राहा असं कळवलं. सरगरांचं स्वतःचं कारण मात्र वेगळं होतं. "हा असा चेहरा," ते मला म्हणाले, "रानात, आणि हातात बंदूक. लायसन कोण बघणार आधी?" 2001 च्या हल्ल्याला वर्ष उलटलं होतं, पण फार नाही. म्हणून धनुष्य.

शिकारीचा परवाना काढायला सुरक्षेचा वर्ग करावा लागतो. वर्गात बहुतेक सगळी बारा-तेरा वर्षांची मुलं होती, आपापल्या बापांबरोबर आलेली. मधोमध सरगर, वही आणि दोन पेनं घेऊन. वहिनींनी डबा दिला होता. परीक्षेत त्यांना पैकीच्या पैकी मिळाले. वहिनी हे सगळ्यांना सांगत, "पहिले आले हो. सातवीच्या वर्गात."

धनुष्य चाकांचं होतं, ज्याला कंपाउंड म्हणतात. दोरी ओढताना आधी जोर लागतो, मग पूर्ण ओढल्यावर भार हलका होतो आणि नेम धरून थांबता येतं. सरगरांनी स्वतःला नियम घातला, की वीस पावलांवरच्या बशीएवढ्या वर्तुळात दहापैकी दहा बाण लागल्याशिवाय रानात जायचं नाही. दर मंगळवारी ऑफिस सुटलं की ते सरावाच्या जागी जात. त्यांना सात महिने लागले. नऊ बाण बरेचदा लागायचे. नऊ लागले त्या दिवशी ते घरी येऊन 'नाही' म्हणत.

"अहो, नऊ म्हणजे डिस्टिंक्शन," वहिनी म्हणत.

"दहावा जनावराच्या पोटात बसला म्हणजे? ते तीन दिवस मरत राहील."

त्याच वर्षी कोजागिरीला त्यांच्या घरी पंधरा-वीस माणसं जमली. देशमुख नावाचा एक तरुण नुकताच नोकरीला आला होता. त्याने कोपऱ्यातलं धनुष्य उचललं, सगळ्यांना दाखवत दोरी मागेपर्यंत ओढली आणि बाण न लावताच सोडली. रिकामं धनुष्य कधी सोडायचं नसतं. बाणात जायचा जोर धनुष्यातच फुटतो. मोठा आवाज झाला, दोरी निसटली, वरच्या पात्याला चीर गेली. सरगर स्वयंपाकघरातून आले. त्यांनी आधी देशमुखचा हात धरून उजेडात नेला, उलटसुलट करून पाहिला.

"लागलं का कुठं?"

"नाही. सॉरी सर, मला खरंच—"

"बोटं हलव. हां. जा, दूध घे."

मग दोन्ही हातांवर धनुष्य उचलून आत नेलं. दुरुस्तीला सहा आठवडे गेले. पहिल्या हिवाळ्याचा चांगला काळ त्यात गेला. देशमुख पुढे चार वर्षं त्यांच्याच टीममध्ये होता. त्याच्यासमोर हा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

कायोटीला बोलवावं लागतं. त्यासाठी तोंडाने वाजवायची एक छोटी शिट्टी मिळते. तिच्यातून तावडीत सापडलेल्या सशाच्या किंकाळीसारखा आवाज निघतो. सरगर तिचा सराव गाडीत, काचा बंद करून करत. एका सकाळी पार्किंगमध्ये एक अमेरिकन बाई त्यांच्या गाडीच्या काचेवर टकटक करत उभी होती. आत लहान मूल कोंडलंय असं तिला वाटलं होतं. सरगरांनी काच खाली करून शिट्टी दाखवली. बाईने विचारलं, हे कशासाठी? त्यांनी खरं सांगितलं. ती पुन्हा कधी त्यांच्या शेजारी गाडी लावताना दिसली नाही.

आवाज तोंडातून निघाला की जनावराचे डोळे माणसावर येतात. ते चुकवायला वीस पावलांवर एखादी हलणारी वस्तू टांगतात. जनावर तिच्याकडे बघतं आणि तेवढ्यात दोरी ओढता येते. शालनवहिनींनी वॉल्टरच्या मेंढीच्या लोकरीचा एक गोंडा करून दिला. पांढरा, लिंबाएवढा, वर काळ्या दोऱ्याची गाठ. "बैलाच्या शिंगाला शोभला असता," त्या म्हणाल्या. "आता बांधा कोल्ह्यासाठी."

व्हर्जिनियात तेव्हा रविवारी शिकारीला बंदी होती. आठवडाभर ऑफिस. म्हणजे उरला शनिवार. सरगर शुक्रवारी संध्याकाळी निघत, वॉल्टरकडे झोपत आणि उजाडायच्या आधी कुरणाच्या वरच्या टोकाला एका पडक्या ओकच्या बुंध्याला टेकून बसत. असं वर्षातून दहा-बारा वेळा. दोनदा मी बरोबर होतो. गोठ्याच्या माळ्यावरून दुर्बीण घेऊन बघायची मला मुभा होती.

जे दिसलं ते दोन्ही वेळा सारखंच होतं. शिट्टी वाजली. सहा-सात मिनिटांनी झाडीतून करडं, अंगाने हलकं जनावर बाहेर आलं. ते हाकेकडे सरळ येत नाही. लांबून वळसा घालून अशा जागी जातं, जिथे वारा माणसाकडून त्याच्याकडे वाहतो. तिथे थांबतं, नाक वर करतं. साठ पावलांवर ते थांबलं, त्याने नाक वर केलं, आणि पुढच्या क्षणी तिथे कुणी नव्हतं.

पहिल्या हिवाळ्यात असं चार वेळा झाल्यावर वॉल्टरने सरगरांचं जाकीट हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. "माणसाच्या वासाचं एक वेळ सोडून देईल तो," तो म्हणाला. "पण तू जेवण घेऊन बसतोस. हे काय आहे?"

हे काय आहे, ते सरगरांना ताबडतोब कळलं. घरी आले आणि दारातच म्हणाले, "तुझ्या फोडणीनं घालवलं."

"माझ्या?"

"मोहरी, हिंग, लसूण. वॉल्टरनं ओळखलं. कोल्ह्यानं तर साठ पावलांवरून ओळखलं."

"मग आता काय, तुमच्या कोल्ह्यापायी अळणी खाऊ मी?"

"शुक्रवारी फक्त."

"आणि इतर दिवशीची? पडद्यात आहे, गालिच्यात आहे, तुमच्या अंगात आहे. अंग कुठं काढून ठेवणार?"

इथल्या घरांत हिवाळ्यात खिडक्या उघडत नाहीत. फोडणी एकदा झाली की ती आठवडाभर घरात राहते. ऑफिसात कोटावरून कळतं, लिफ्टमध्ये कळतं. बहुतेक मराठी घरांत यावरून थोडी लाज असते. कोट गॅरेजमध्ये टांगतात, अत्तर मारतात. सरगरांनी लाज धरली नाही. टेस्टिंगला बसतात तसे ते बसले. कपडे खाण्याच्या सोड्यात धुवायचे, ओकच्या पानांबरोबर पिशवीत भरून वॉल्टरच्या गोठ्यात ठेवायचे, निघण्यापूर्वी बिनवासाच्या साबणाने आंघोळ, गुरुवारपासून ऑफिसात नुसत्या उकडलेल्या भाज्या. जनावर साठवरून पन्नासवर आलं. चाळिसाच्या आत कधी आलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यातला एक शुक्रवार नीताने पाहिलेला आहे. ती वहिनींकडे गेली होती. बोलता बोलता वहिनींनी तेल तापवलं, मोहरी टाकली, आणि मोहरी तडतडली तेव्हा त्यांना वार आठवला. सरगर बॅग हातात घेऊन दारातच उभे होते.

"अगंबाई," वहिनी म्हणाल्या. "गेलं की हो कोल्हं."

सरगरांनी बॅग खाली ठेवली. "कशाची करतेस?"

"मुगाची आमटी."

"वाढ मग," म्हणाले आणि बसले. दोनदा आमटी मागून घेतली. त्या शनिवारी ते गेले नाहीत. वॉल्टरला फोन करून सांगितलं, वारा बरोबर नाही.

त्यांना कायोटीचा राग होता असं मला कधी दिसलं नाही. एकदा वॉल्टरच्या कुरणात बसलो असताना त्यांनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली. एरवी ते गावचं काही सांगत नसत. नऊ-दहा वर्षांचे असताना वडिलांबरोबर मेंढरं घेऊन माळावर होते. दुपारी राखण करता करता डोळा लागला आणि लांडग्याने एक कोकरू नेलं. मार बसणार म्हणून ते रडत वडिलांकडे गेले. वडिलांनी मारलं नाही. लांडगा गेला त्या दिशेकडे बघत ते म्हणाले, "त्याचीबी पोरं असतील." मग त्यांनी पोराला जवळ बसवून घेतलं आणि वारा कुठून येतो ते ओळखायला शिकवलं.

"मग हे कशाला करता?" मी विचारलं.

त्यांनी वॉल्टरच्या घराकडे बोट केलं. "त्यांनी मला एकच काम सांगितलंय."

2007 च्या सप्टेंबरात शालनवहिनींना पोटाचा कॅन्सर निघाला. उशिरा निघाला होता. ऑक्टोबरात केमो सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना तेल तापल्याचा वास सहन होईना. मग जुन्या वासाचीही उलटी होऊ लागली. पडद्याजवळ गेल्या तरी मळमळे.

वास काढायचं काम सरगरांना येत होतं. पडदे सोड्यात धुतले. गालिचे मशीन आणून दोनदा धुतले. स्वयंपाकघरातली कपाटं रिकामी करून आतून पुसली, मसाल्याचा डबा आमच्याकडे आणून ठेवला. डिसेंबरात खिडक्या उघड्या टाकून, दोघं स्वेटर आणि टोप्या घालून बसलेले मी पाहिले आहेत. जेवणात मऊ भात, ताक, उकडलेला बटाटा. तेच सरगर स्वतःही खात. जानेवारीत त्यांच्या दारातून आत गेलं की कशाचाच वास येत नसे. नव्या, अजून कुणी राहायला न आलेल्या घरात गेल्यासारखं वाटे.

त्या हिवाळ्यात ते एकदाही वॉल्टरकडे गेले नव्हते. फेब्रुवारीत वहिनींनीच विषय काढला. आम्ही दोघं तिथेच होतो.

"जाऊन या एकदा," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "पाच वर्षं ऐकतेय त्या कोल्ह्याचं. आलं की नाही ते कळू तरी दे."

"पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षीचं मला सांगू नका. नीता बसेल माझ्यापाशी. एका शनिवारात काही मरत नाही मी."

ते गेले. मी बरोबर नव्हतो. वहिनींकडे नीता होती आणि मी औषधं आणण्यापुरता ये-जा करत होतो. शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला सरगर परतले. धनुष्य आणि बाणांचा भाता दारात ठेवला, हात धुतले आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले.

"आलं का?" वहिनींनी विचारलं.

"आलं होतं."

"मग?"

"नेहमीच्या जागी थांबलं. नाक वर केलं. आणि गेलं."

वहिनींनी डोळे मोठे केले. "म्हणजे अजून वास येतो?"

"येतो की."

"चार महिने घरात मोहरीचा दाणा नाही, तरी?"

"तरी. तूच म्हणाली होतीस, अंगात आहे म्हणून."

त्या हसल्या. किती तरी आठवड्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसताना पोटावर हात धरावा लागला. नीताकडे वळून म्हणाल्या, "बघ गं. चार महिने पेज खाऊ घातली माणसाला, तरी माझी फोडणी जाईना." मग त्यांचा हात सरगरांच्या मनगटावर गेला आणि तिथेच राहिला. थोड्या वेळाने त्यांना झोप लागली. सरगरांनी हात काढून घेतला नाही.

निघताना दारात मी भाता पाहिला. त्यात नेहमी पाच बाण असत. जुन्या सवयीने मी मोजले. चार होते.

शालनवहिनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेल्या. शेवटचे दिवस हॉस्पिटलात होत्या. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं, पण भेटायला आलेल्या प्रत्येकाला कोल्ह्याची गोष्ट सांगा असं त्या खुणेने का होईना सुचवत, आणि प्रत्येक वेळी सरगरांनी ती तशीच सांगितली: थांबलं, नाक वर केलं, गेलं.

मे महिन्यात मी त्यांच्याबरोबर वॉल्टरकडे गेलो. त्यांना एकटं गाडी चालवू द्यायची नीताची तयारी नव्हती. कुरणात नवी कोकरं होती. वॉल्टरने आधी टोपी काढली आणि सरगरांचा हात दोन्ही हातांत घेतला. मग चहाला बोलवावं तसं त्याने आम्हाला गोठ्यात बोलावलं.

भिंतीला फळी टेकवलेली होती आणि फळीवर ताणून वाळवलेलं कातडं होतं. करडं, पाठीवर काळसर, शेपटीचं टोक काळं.

"मी मोजलं," वॉल्टर मला म्हणाला. "अठरा पावलं. बाण आरपार. चाळीस पावलं पळाला आणि पडला, त्याला कळलंसुद्धा नसेल. माझ्या आयुष्यात मी इतका स्वच्छ नेम पाहिलेला नाही." फळीच्या खिळ्याला गोंडा टांगला होता. तो काढून त्याने सरगरांपुढे धरला. "हे मात्र तुझं आहे."

सरगरांनी गोंडा घेतला, नाकाशी नेला, खिशात ठेवला.

परतताना गाडी सरगर चालवत होते. तासाभराने समोरच्या रस्त्यावरून नजर न काढता ते बोलले. मी शब्द बदललेले नाहीत.

"ते वळसा घालूनच आलं. बरोबर त्या जागी थांबलं. वारा माझ्याकडून त्याच्याकडे. नाक वर केलं, मी म्हटलं, गेलं आता. ते गेलं नाही. चालत पुढं आलं, गोंड्यापाशी. माझ्याकडे बघितलं त्यानं. मी त्याच्या लेखी झाड होतो. सात महिने हाताला तेच शिकवलं होतं, हातानं ओढलं आणि सोडलं. ते पडलं तेव्हा मला कळलं, ते का आलं."

पुढे सिग्नल होता. गाडी थांबली.

"घराला वास राहिला नाही, म्हणून आलं. हे तिला येऊन काय सांगू?"

त्या उन्हाळ्यात त्यांच्या कंपनीने त्यांना शिकागोच्या ऑफिसात बदली दिली. तिथून जवळ नेपरव्हिलला अपार्टमेंट घेतलं. धनुष्य त्यांनी वॉल्टरकडे ठेवलं. सामान न्यायला ट्रक येणार होता त्या ऑगस्टातल्या सकाळी मी आमच्याकडे राहिलेला मसाल्याचा डबा त्यांना परत करून आलो. दुपारी निरोप घ्यायला पुन्हा गेलो. दार उघडं होतं. हॉलमध्ये खोक्यांची रांग होती, भिंती मोकळ्या, आणि जिन्यापर्यंत मोहरीचा आणि हिंगाचा वास आला होता.

सरगर शेगडीपुढे उभे होते. लहान कढईत तेल तापलं होतं. बाजूला डाळ नव्हती, भाजी नव्हती, कसलंही भांडं नव्हतं. मसाल्याचा डबा उघडा होता. त्यांनी मोहरी टाकली, ती तडतडली. मग हिंग, मग ठेचलेला लसूण. वरच्या कपाटाच्या कडीला ते शिकारीचं जाकीट हँगरवर टांगलेलं होतं.

धूर डोळ्यांत गेला. शेगडीवरचा पंखा बंद होता.

"पंखा लावू?" मी विचारलं.

"नको."

त्यांनी आच थोडी कमी केली, तोंड किंचित वर केलं, धूर कुणीकडे जातोय ते पाहिलं, आणि जाकीट चार बोटं डावीकडे सरकवलं.